मालकांचा टीव्ही लेकीच्या घरी

ये बाई, अशी जवळ सरक. कागदावरच सरक हवं तर, पण सरक. दिवाळीनंतर पहिला फोन केलास आणि काय म्हणालीस? "मावशी, माझं ते सिनेमा-मालिकांचं खातं आता तुझ्या टीव्हीवर चालणार नाही. कंपनी म्हणते, एका घराला एक. तुला वेगळं काढून देऊ का?" अगं, आधी मावशीचा गुडघा कसा आहे ते विचार. जेवलीस का, झोप लागते का, हे विचार. मग खुशाल मला वेगळी काढ. मी रागावले नाही हं. फोन ठेवल्यावर मला हसूच फुटलं, आणि हसता हसता आमचे मालक डोळ्यांपुढं येऊन उभे राहिले. तेव्हापासून ते काही हलायला तयार नाहीत, म्हणून लिहायला बसले. मला लिहायला कुणी शिकवलं नाही. बोलते तशी लिहिणार.

मालक म्हणजे माझे घरमालक. पिरंगुटला मी ज्यांच्या खोलीत राहून डबे करते, ते. होते म्हणायला हवं, गेल्या वर्षी गेले. रस्त्याकडेचं शेत होतं त्यांचं. निम्मं विकलं, उरलेल्यात खोल्या बांधल्या. मधे अंगण, तीन बाजूंना आम्ही भाडेकरू आणि चौथ्या बाजूला त्यांचं स्वतःचं घर. कारखान्यातली माणसं, बाजारात शिलाईचं दुकान असलेल्या भाभी आणि त्यांचं कुटुंब, आणि मी. मालकीण मी यायच्या आधीच वारलेल्या. एकच मुलगी, तिचं लग्न झालेलं. माणूस एकटा, पण एकटेपणाची तक्रार कधी तोंडून आली नाही. तोंडून सतत दुसरंच काहीतरी यायचं.

भाडेकरूच्या खोलीत ते कधी पाऊल टाकत नसत. उंबऱ्याबाहेर उभं राहून मोठ्यानं सांगायचे, "मालक आलाय." जणू मालक म्हणजे दुसराच कुणी आणि हे त्याची वर्दी द्यायला आलेत. मग आम्ही बाहेर यायचं. संध्याकाळी अंगणात खाट टाकून बसले की वासावरून सगळ्यांच्या चुली ओळखायचे. "भाभी, आज जिरं करपलं की हो!" आतून भाभी ओरडायच्या, "मालक, नाक जरा घरात ठेवत चला!" की हे खूश.

चुलीचं त्यांना वेडच होतं म्हण. त्याला कारण होतं. त्यांच्या मूळ गावात जत्रेची वर्गणी घरटी घेतात, आणि घर एक की दोन, यावरून दरवर्षी भांडणं. वर्गणी द्यायच्या वेळी दोघे भाऊ म्हणणार आमचं घर एकच, आणि जेवणाचं आवतण घ्यायच्या वेळी म्हणणार आमची घरं दोन. निवाडा करायला मालकांना बोलावत. हे जाऊन ओसरीवर बसायचे, च्या प्यायचे, हवापाण्याच्या गप्पा करायचे आणि मधेच दोन्ही सुनांना हाक मारायचे, "पोरींनो, जरा चिमूटभर मीठ आणा गं दोघीबी." दोघी एकाच बरणीकडं धावल्या की घर एक. दोन बरण्यांतून मीठ आलं की घरं दोन. "मिठाची बरणी खोटं बोलत न्हाई," म्हणायचे. त्यांचा निवाडा कुणी मोडल्याचं मी ऐकलं नाही.

आता त्यांच्या लेकीचं सांगते. ती आणि जावई नेऱ्याला राहतात, त्या नव्या उंच इमारतींपैकी एकीत. दोघं हिंजवडीला कंपनीत. पिरंगुटवरून नेरे म्हणजे घोटवड्याच्या रस्त्यानं गेलं तर काही परदेश नाही. पण मालक कधी तिच्या घरी गेले नव्हते. का, तर त्यांच्यात चाल आहे, लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. नातवंड आलं की मग जायचं, जेवायचं, राहायचं. आणि लेकीला मूल काही झालं नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झालेली.

मी एकदा म्हटलं, "मालक, पाणी नका पिऊ. नुसतं भेटून तर या."

म्हणाले, "तिच्या दारात जायचं, ती तांब्या म्होरं करनार आन् मी नको म्हननार. त्यापरीस न गेल्यालं बरं."

लेकही यायची बंद झालेली. इकडं लग्नाला, बारशाला आली की बायका आधी तिच्या पोटाकडं बघायच्या आणि मग तोंडाकडं. कोण येईल? फोन व्हायचा दोघांचा. माझ्या आणि त्यांच्या घराची भिंत एक, मला सगळं ऐकू यायचं. "जेवली का?" "हो बाबा." "जावई?" "बरे आहेत." "बरं. ठिवतो." झालं बोलणं.

पण टीव्हीचं मात्र वेगळंच चालू होतं. लेकीनं तिचं ते खातं बापाच्या टीव्हीवर चालू करून दिलेलं. मालक टीव्ही ओसरीवर आणून ठेवायचे आणि आम्ही सगळे अंगणात. ते म्हणायचे, "पोरीचं चूलबंद आवतण हाय, बसा समदी." चूलबंद आवतण म्हणजे तुला ठाऊक नसेल, तुमच्याकडं आता कुठं राहिलंय. घरटी एक माणूस जेवायला बोलावणं निराळं, आणि अख्ख्या घराला बोलावणं, त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, ते चूलबंद.

त्या खात्यात लेकीनं बापाच्या नावाचा वेगळा चौकोन करून दिला होता. त्यात मालकांनी कधी बोट घातलं नाही. ते लेकीच्या चौकोनात शिरायचे. ती कोरियातली एक डॉक्टरणीची मालिका बघायची, हिंदीत बोलणारी. आपण जिथवर बघितलं तिथवर चित्राखाली एक तांबडी रेघ येते ना, मालक ती रेघ बघायचे. "आज पोर हितपतूर आली." "शनवारी रेघ हाललीच न्हाई. जावई गावाला गेला आसंल, एकटी कशाला बघतीया." एकदा रेघ भराभर पुढं गेली तर काळजीत पडले. "कामावर गेली न्हाई वाटतं. आजारी हाय का काय." फोन लावला, तर खरंच तिला ताप होता. आता याला काय म्हणायचं? मला अजून उमगत नाही, ही माया होती की पाळत.

आणि आमचे हाल ऐक. रेघ जिथं थांबली तिथं मालक टीव्ही बंद करायचे. म्हणजे पोरीची खूण बिघडायला नको. डॉक्टरीण नदीत पडलेली, आणि आम्ही चार दिवस तिला नदीतच ठेवून कामाला जातोय! भाभींचा जीव नुसता वर-खाली. "मालक, अल्लाची शपथ, एक भाग पुढं लावा. ती मेली का जगली एवढंच बघते."

"पोर बघंल तवा बघायचं. पंगतीत समद्यांला वाढल्याबिगर तुमी घास घेता का?"

"मग फोन करून लेकीला म्हणा ना, बाई लवकर बघ!"

ते मात्र नाही. रेघ बघतो हे लेकीला कळू द्यायचं नव्हतं.

मग एके दिवशी टीव्ही लावला तर मालिकेच्या जागी इंग्रजी अक्षरं. भाभींनी वाचून सांगितलं, "मालक, यात लिहिलंय, हा टीव्ही या खात्याच्या घरातला नाही."

"कोन म्हनतं?"

"कंपनी."

"कंपनीला काय म्हाईत कोन कुनाच्या घरातलं?"

लेकीला फोन लावला. ती कामात. आधी तिनं एक कोड सांगितला, तो घातला, चाललं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा कोड. शेवटी ती तुझ्यासारखंच म्हणाली, "बाबा, थोडे जास्त पैसे भरले की ते तुम्हाला वेगळं करून देतात. मी भरते, तुम्ही काळजी करू नका."

मालकांनी फोन ठेवला आणि खाटेवर बसून राहिले. मी गेले तर म्हणाले, "वेगळं काढती म्हनं मला."

"अहो, प्रेमानं म्हणतेय ती."

"वाटन्या समद्या प्रेमानंच व्हत्यात, सुरवातीला."

वेगळं खातं म्हणजे वेगळी रेघ, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला.

मालकांनी ठरवलं, निवाडा करायचा. कंपनीला फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजात करून खाटेवर ठेवला. आम्ही भोवती. पलीकडं एक गोड आवाजाची मुलगी. "सर, हाउसहोल्ड मतलब जो लोग आपके साथ एक ही घर में रहते हैं."

"एक घर म्हंजे क्या? छप्पर एक?"

"जी, इंटरनेट एक."

"हमारे इंटरनेटपे तो ये समदे किरायेदार हाय. ये हमारा घर हुआ?"

"जी सर, एक ही इंटरनेट है तो..."

"और हमारी लडकी?"

"वो अलग हाउसहोल्ड है सर."

मालकांनी आमच्याकडं बघितलं, आम्ही मालकांकडं. मग ते फोनकडं वाकून अगदी हळू म्हणाले, "बाई, तुमारे घर में मीठ की बरनी कितनी?"

"जी?"

भाभी पदराआड हसून लाल. पण ती मुलगी चांगली होती, फोन आपटला नाही. बराच वेळ समजावत राहिली. खात्याचं जे मुख्य घर आहे तिथल्या इंटरनेटवर हा टीव्ही महिन्यातून एकदा चालवला तर अडचण येऊ नये, असं काहीसं म्हणाली. खरं-खोटं मला आजही ठाऊक नाही. मालकांनी विचारलं, "मतलब टीव्ही को उसके घर जाके दिखाके आना?"

"जी... ऐसा ही समझ लीजिए."

त्यांनी फोन ठेवला. सांग बरं मला, शिलाईवाल्या भाभी, मी, कारखान्यातली ती परगावची माणसं, आम्ही सगळी मालकांच्या घरातली, आणि पोटची लेक तेवढी परक्या घरची? हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं? पण मालकांना यातला दुसरा भाग एकदम पटला. म्हणाले, "हे बराबर हाय. लांबची मान्सं बी जत्रंला येऊन दर्शन घिऊन जात्यात, म्हून गावात नाव ऱ्हातं. टीव्ही जाऊन यील."

"टीव्ही एकटा कसा जाईल?" मी म्हटलं.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की बरोबर आपल्यालाही जावं लागणार. दोन दिवस अंगणात येरझाऱ्या घातल्या. मग उंबऱ्याबाहेरून वर्दी आली, "मालक आलाय. रविवारी माझा बी डबा करा. आन् तुमी संगं चला, टीव्ही धराया."

असा आमचा टीव्ही गोधडीत गुंडाळून भाजीच्या टेम्पोतून नेऱ्याला निघाला. मालक पुढं, मी मागं टीव्ही धरून, रस्त्यातले खड्डे सगळे माझ्या कमरेत. मालकांच्या पिशवीत माझ्या हातच्या भाकऱ्या, पिठलं, ठेचा आणि पाण्याची मोठी बाटली. उन्हाळा नुसता पेटलेला.

गेटवर वॉचमननं अडवलं. "अंकल, टीवी रिपेयर का है? पीछे की लिफ्ट से जाओ."

"रिपेअर न्हाई. भेटीला आया है."

"किसको मिलना है?"

"इसको मिलना है," मालकांनी टीव्हीकडं बोट दाखवलं. "हम तो लेके आये."

त्यानं वर फोन लावला. "मैडम, कोई टीवी लेके आए हैं." वरून लेक म्हणत असणार, मी टीव्ही मागवला नाही. मग दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ती दिसली. खाली बघितलं, बापाला ओळखलं आणि तिथनं नाहीशी झाली. लिफ्टची वाटसुद्धा न बघता जिन्यानं पळत आली. समोर आल्यावर मात्र थबकली. "आलात?" "व्हय. टीव्हीचं काम व्हतं." एवढंच.

घर छान तिचं. जावई बाहेरगावी गेलेले. टीव्ही दिवाणावर ठेवला, तिनं काय काय दाबलं, आणि पडद्यावर एक गोल गरगर फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. आम्ही तिघं त्या गोलाकडं बघत बसलो. तिनं मला पाणी दिलं. बापाला विचारलंच नाही. पिशवीतून बाटलीचं तोंड बाहेर आलेलं तिला दिसलं होतं.

बारा वाजून गेले तसा मालकांनी डबा उघडला. ती शेजारी येऊन बसली. "मावशींच्या हातचं आहे ना? द्या." बापाच्या डब्यातलं लेकीला चालतं, त्याला काही आडकाठी नाही. तिनं एक भाकरी खाल्ली. दुसरी खाल्ली. पिठलं बोटानं पुसून घेतलं. मालक कौतुकानं बघताहेत, पोर मायेनं खातेय. मग तिनं बाटली उचलली आणि तोंड लावून घटाघटा प्यायला लागली. थेंब उरला नाही तेव्हा बाटली खाली ठेवली.

"आता तहान लागली तर काय कराल बाबा?"

"न्हाई लागत."

"टीव्हीला माझं घर चालतं. तुम्हाला नाही चालत."

मालक टीव्हीकडं बघत राहिले. मी भिंतीकडं.

ती म्हणाली, "मला मूल होणार नाही बाबा. डॉक्टरांनी सांगून झालंय. आम्हा दोघांचं काही म्हणणं नाही त्यावर, आम्ही बरे आहोत. पण मग तुम्ही कधीच येणार नाही का? रेघ बघत बसणार तिकडून?"

तिला रेघेचं माहीत होतं! मी चमकून मालकांकडं बघितलं. त्यांच्या तोंडावरून काही कळेना. ते उठले, टोपी नीट केली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. मला वाटलं, निघाला माणूस. टीव्ही माझ्या गळ्यात घालून निघाला.

आम्ही दोघी गॅलरीत धावलो. मालक गेटवर वॉचमनच्या खोलीशी उभे. बाहेर बाकावर पाण्याचा जार होता. वॉचमननं पेला भरून दिला, मालकांनी एका दमात संपवला. दुसरा घेतला. तिसरा तोंडाला लावला आणि वरून लेक ओरडली, "बाबा! तो जार माझ्या घरातला आहे! रोज सकाळी मीच भरून खाली देते!"

मालकांनी पेला तोंडापासून काढला. पेल्यात बघितलं. वर लेकीकडं बघितलं. वॉचमन बिचारा, आपलं काय चुकलं म्हणून पार गोंधळून गेलेला. सावकाश, उरलेलं पाणी पिऊन टाकून, मालकांनी पेला पालथा ठेवला आणि परत जिना चढून आले. दिवाणावर टेकले.

"मोडलं की मग," म्हणाले.

टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आता मोडलंच हाय तर च्या बी टाक. साखर कमी."

ती आत गेली. बराच वेळ भांड्याचा आवाज नाही, काही नाही. मी आत डोकावले तर पातेलं नळाखाली भरून वाहत होतं आणि ती नुसती बघत उभी होती. मी नळ बंद केला. चहा मीच ठेवला, पण नेऊन दिला तिनं.

त्यानंतर दर महिन्याला टीव्ही नेऱ्याला जायचा. पुढं लेकीनं कंपनीला ते जास्तीचे पैसे भरले, टीव्ही न्यायची गरज उरली नाही, तरी जायचा. "आता कशाला नेता?" विचारलं तर म्हणायचे, "त्याला सवय झालीया." एकदा नेलेला टीव्ही चार-चार दिवस परत यायचा नाही, आणि मालकही. अंगणात आम्ही बिनटीव्हीचे बसायचो आणि भाभी म्हणायच्या, "टीव्ही माहेरपणाला गेलाय."

शेवटचं आजारपण तिच्याकडंच काढलं त्यांनी. मी भेटायला गेले तेव्हा विचारलंच. कारण मला ते सुखानं झोपू देत नव्हतं. त्या पहिल्या दिवशी गेटवर, वर फोन लागेपर्यंत, मालक त्या वॉचमनशी बराच वेळ बोलत होते. टेम्पोवाल्याशी भाड्याचं बोलण्यात मी अडकलेली, मला त्यांचं ऐकू आलं नाही. वॉचमननं तेव्हाच सांगितलं असेल का, की पाणी मॅडमच्या घरून येतं? आणि सांगितलं असेल तर मग हा माणूस मुद्दाम खाली गेला? की बिचारा खरंच तहानेनं गेला आणि फसला? म्हटलं, "मालक, खरं सांगा, तो जार कुणाचा ते तुम्हाला ठाऊक होतं का?"

"कुटला जार?" म्हणाले, आणि लेकीला हाक मारली, "पोरी, पानी आन गं."

लेकीला विचारलं, ती नुसती हसते. वॉचमन बदलून गेला. भाभी म्हणतात, ठाऊक होतं, शंभर टक्के. मी एक दिवस म्हणते होतं, दुसऱ्या दिवशी म्हणते नव्हतं. मला एकटीला काही हा निवाडा जमत नाही. तू येऊन जा बाई. फोनवर नको, समोर बस, मी सगळं पहिल्यापासून सांगते आणि मग तू सांग. पुढच्याच रविवारी ये. पिठलं-भाकरी करते, येताना उपाशीच ये.